मुक्या वाद्याचा मालक

एखादी वस्तू आपल्या मालकीची आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या म्हणण्याचा नेमका अर्थ काय असतो? शेत, घर, दागिना यांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. कायद्याने उत्तर देऊन ठेवलेले असते आणि तेवढ्यावर आपले समाधान होते. परंतु काही वस्तूंच्या बाबतीत कायद्याचे उत्तर अपुरे वाटते. वाद्य ही अशा वस्तूंपैकी एक होय. त्यातही जे वाद्य जगात मोजक्याच संख्येने उरले आहे, जे वाजवणारे हात त्याहूनही थोडे आहेत आणि जे वाजवावे तर झिजते, त्या वाद्याच्या मालकाने काय करावे? हा प्रश्न वरवर पाहता हौशी संग्राहकांचा वाटेल. पण त्याच्या मुळाशी आपणा सर्वांना लागू पडणारा एक नैतिक प्रश्न आहे. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

फुंकून वाजवावयाच्या वाद्यांना आपल्याकडे सुषिर वाद्ये म्हणतात. त्यांतील एका कुळात नादाचा उगम दोन पातळ पत्त्यांत असतो. बोरूसारख्या पोकळ गवताच्या या पत्त्या तासून एकमेकींवर बांधतात. त्यांच्यामधील चिंचोळ्या फटीतून श्वास गेला की त्या थरथरतात आणि लाकडी नळीतील हवा बोलू लागते. आपली सनई, दक्षिणेतील नागस्वरम्, युरोपातील ओबो आणि बसून ही सारी या एकाच कुळातील भावंडे. त्यांतील काही भावंडे घरोघरी पोहोचली. काही मात्र काळाच्या ओघात मागे पडली आणि जवळजवळ नाहीशी झाली. अशाच एका नाहीशा झालेल्या भावंडाची हकीकत आपल्या प्रश्नावर प्रकाश टाकणारी आहे.

योहान सेबास्टियन बाख १७२३ साली जर्मनीतील लाइपझिग नगरात चर्चसंगीताचा प्रमुख म्हणून रुजू झाला. त्याच नगरात योहान हाइनरिख आइखेनटोप्फ नावाचा एक वाद्यकार होता. तो एक वेगळ्याच घडणीचा ओबो बनवीत असे. त्याचे नाव 'ओबो दा काच्चा', म्हणजे शिकारीचा ओबो. याची नळी सरळ नसून कोयत्याच्या पात्यासारखी वाकलेली असे आणि तिच्या टोकाला पितळी कर्ण्याचे मोठे तोंड बसवलेले असे. लाकडी नळी वाकवण्याची रीतही मोठी विलक्षण होती. प्रथम नळी सरळच कातून पोखरून घ्यावयाची. मग जी बाजू आत वळावयाची तिच्यावर करवतीने ओळीने खाचा पाडावयाच्या. वाफेवर धरून ती हळूहळू वाकवावयाची. आतल्या बाजूने लाकडाची पट्टी चिकटवून तो बाक कायम करावयाचा आणि वरून सर्वत्र चामडे चढवावयाचे. ज्या वाद्याला वाकण्यासाठी इतक्या जखमा सोसाव्या लागत, त्याच्या वाट्याला बाखने जे काम दिले ते पाहण्यासारखे आहे.

१७२७ सालच्या उत्तम शुक्रवारी प्रथम सादर झालेल्या, मत्तयकृत शुभवर्तमानावर आधारलेल्या त्याच्या दुःखसहनसंगीतात एक गीत आहे. तारणारा केवळ प्रीतीस्तव मरण पत्करत आहे, असा त्याचा आशय. या गीतात बाखने एरवी प्रत्येक रचनेला आधार देणारे खर्जाचे वाद्य पूर्णपणे काढून टाकले आहे. वर एक स्त्रीस्वर, त्याच्याभोवती एक बासरी आणि खाली पायाच्या ठिकाणी केवळ हे दोन शिकारीचे ओबो. ज्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतली आहे, अशा निरपराध्याचे ते गीत आहे. १७३४ सालच्या नाताळसंगीतात हीच वाद्ये मेंढपाळांच्या रात्रीचे चित्र उभे करतात. तेव्हा हे वाद्य म्हणजे कोणा हौशी मनुष्याची लहर नव्हती. एका मंडळीच्या उपासनेत तिला आपली जागा होती.

१७५० साली बाखचा अंत झाला. आवडी बदलल्या आणि शिकारीचा ओबो विस्मृतीत गेला. १८२९ साली मेंडेल्सोनने बर्लिन येथे ते दुःखसहनसंगीत पुन्हा लोकांपुढे आणले, तेव्हा या वाद्याच्या जागी दुसऱ्या वाद्यांवर भागवावे लागले. पुढेही बहुधा ती जागा 'कॉर आंग्ले' या ओबोच्याच मोठ्या भावंडाकडे गेली. नाव कागदावर राहिले, आवाज मात्र गेला. तथापि आइखेनटोप्फने १७२४ साली बनवलेली वाद्ये कोपनहेगन आणि स्टॉकहोम येथील संग्रहालयांत शाबूत होती. विसाव्या शतकात अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले, त्यांची मोजमापे घेण्यात आली आणि त्यांबरहुकूम नवी वाद्ये घडवण्यात आली. १९७० नंतरच्या दशकात निकोलाउस हार्नोनकूर्ट यांच्या वादकवृंदाने बाखच्या रचनांतून हा वक्र ओबो पुन्हा ऐकवला. आज अनेक देशांतील कारागीर ही वाद्ये घडवतात आणि अनेक वादक ती वाजवतात.

आता आपला प्रश्न विचारू या. दोनशेहून अधिक वर्षे ज्यांनी ही वाद्ये न वाजवता सांभाळली, त्यांनी योग्य केले की अयोग्य?

सांभाळणाऱ्यांची बाजू आधी समजून घेतली पाहिजे. लाकूड तोडले गेल्यावरही हवेतील ओलावा घेत आणि टाकत राहते. वाद्य फुंकले की श्वासातील ऊब आणि दमटपणा नळीच्या आतल्या भागात शिरतो. आतले लाकूड फुगते, बाहेरचे मात्र कोरडे व थंड राहते आणि या ओढाताणीत नळी तडकते. म्हणूनच नवा लाकडी ओबोसुद्धा पहिल्या दिवसांत एका वेळी थोडी मिनिटेच वाजवतात आणि ती वेळ सावकाश वाढवत नेतात. मग शेकडो वर्षे कोरड्या पडलेल्या नळीची काय अवस्था होईल? शिवाय आतल्या पोकळीचा आकार केसभर बदलला, तरी स्वर बदलतो आणि कारागिराने तिथे काय साधले होते याचा पुरावा कायमचा पुसला जातो. आज एका वादकाने घेतलेला तासाभराचा आनंद उद्याच्या शंभर कारागिरांचे ज्ञान हिरावून घेऊ शकतो. संग्रहालयाचा नकार हा कंजूषपणा नसतो. अद्याप न जन्मलेल्यांच्या वतीने दिलेला तो नकार असतो.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. वाद्य हे दगडासारखे केवळ असण्यासाठी निर्माण झालेले नाही. ज्याने ते कातले, पोखरले, वाकवले त्याच्या मनात पहिल्यापासून एक आवाज होता. तो आवाज काढून घेतला तर उरते ते चामड्यात गुंडाळलेले वाकडे लाकूड. शुभवर्तमानातील रुपयांच्या दृष्टान्तात ज्या दासाने आपला वाटा जमिनीत पुरून ठेवला, तो चोर नव्हता. त्याने काहीही उधळले नव्हते. सोपवलेले होते तसे परत केले. तरीही धन्याने त्याला दोषी ठरवले. न गमावणे म्हणजे राखणे नव्हे, असा त्या दृष्टान्ताचा रोख दिसतो. पुढील पिढ्यांसाठी म्हणून प्रत्येक पिढीने वाद्य मुके ठेवले, तर ते वाजवण्याची वेळ कोणत्याच पिढीवर येणार नाही.

या दोन बाजूंपैकी एकीला खोटे ठरवून हा वाद सुटत नाही. तो सुटला तो वेगळ्याच मार्गाने, आणि शिकारीच्या ओबोची हकीकत तोच मार्ग दाखवते. मूळ वाद्य शांतपणे राहिले, परंतु त्याने आपले माप दिले. सांभाळणाऱ्याने ते तिजोरीत न टाकता जाणत्या कारागिराच्या पुढे ठेवले. त्यातून दहा वाद्ये झाली, दहांची शंभर झाली. मूळ झिजले नाही आणि आवाजही परतला. येथे सांभाळणारा व वाजवणारा हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी राहिले नाहीत. राखणे हा धर्म आहे, परंतु तो देण्यासाठी राखण्याचा आहे, हे येथे स्पष्ट होते.

मात्र याच ठिकाणी मालकाच्या अंतःकरणाची खरी परीक्षा होते. ज्याच्याकडे दुर्मिळ वस्तू आहे त्याने स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा : उद्या अशा आणखी शंभर वस्तू निर्माण झाल्या, तर मला आनंद होईल की खंत वाटेल? हेकेलफोन नावाचा एक खर्जातील ओबो जर्मनीतील हेकेल घराण्याने १९०४ साली तयार केला. रिचर्ड स्ट्राउस याने १९०५ साली रंगभूमीवर आलेल्या आपल्या 'सलोमे' या संगीतनाटकात त्याचा उपयोग केला. परंतु आजवर अशी वाद्ये सुमारे दीडशेच बनली. ज्याच्या घरी यांतील एक असेल, त्याला त्याचा गंभीर, मधुर आवाज आवडत असू शकतो किंवा ते दुसऱ्यांकडे नाही ही गोष्ट आवडत असू शकते. दोन्ही आवडी बाहेरून सारख्याच दिसतात. दोघेही वाद्य पुसतात, जपतात, पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. पण पहिल्याचे प्रेम वाद्यावर असते आणि दुसऱ्याचे इतरांच्या अभावावर. दुर्मिळता हा वस्तूचा गुण नव्हेच. मोग-याचा सुगंध बागेत एकच फूल असल्याने वाढत नाही आणि शंभर फुले असल्याने घटत नाही. जो केवळ दुर्मिळतेसाठी वस्तू बाळगतो, त्याचे सुख शेजाऱ्याच्या रित्या हातावर उभे असते. आणि जे सुख दुसऱ्याच्या रितेपणावर उभे असते, ते कितीही सुसंस्कृत दिसले तरी निर्दोष नसते.

या बाबतीत एका पाळकाचे उदाहरण चिंतनीय आहे. कॅनन फ्रान्सिस गॅल्पिन (१८५८-१९४५) हे इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात मंडळीची सेवा करीत. जुनी वाद्ये जमवण्याचा त्यांना छंद होता आणि त्यांच्या संग्रहात पाचशेहून अधिक वाद्ये होती. परंतु ती कपाटात मांडून ठेवण्यावर ते थांबले नाहीत. व्याख्यानांतून ती वाजवून दाखवीत. १९१० साली त्यांनी इंग्लंडमधील जुन्या वाद्यांवर ग्रंथ लिहिला. पुढे हा संग्रह त्यांच्या हातून गेला, तोही एका शोकाच्या निमित्ताने. बोस्टनच्या विल्यम लिंडसी यांची नवविवाहित कन्या ७ मे १९१५ रोजी 'लुसिटानिया' जहाजावर मृत्यू पावली. त्या पित्याने गॅल्पिन यांचा संग्रह विकत घेऊन १९१७ साली कन्येच्या नावाने बोस्टनच्या ललित कला संग्रहालयास अर्पण केला. गॅल्पिन यांच्या मृत्यूनंतर १९४६ साली त्यांच्या स्मरणार्थ वाद्यांच्या अभ्यासाची एक संस्था स्थापन झाली. संग्रह समुद्रापार गेला, तरी त्यांचे नाव मागे राहिले ते या अभ्यासाच्या रूपाने.

आता एक आक्षेप, आणि तो सर्वांत कठीण आहे. ज्या देशात औषधावाचून माणसे दगावतात, तेथे दुर्मिळ वाद्याच्या मालकाने हा सूक्ष्म विचार करावा तरी कशाला? विकावे आणि गरजवंताला द्यावे! बेथानी येथे सुगंधी तेलाची कुपी रिकामी झाली तेव्हा हाच आक्षेप घेण्यात आला होता आणि प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली होती, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु कलावस्तू बाळगणाऱ्यांनी या प्रसंगाचा आधार घाईने घेऊ नये. मार्काने नोंदल्याप्रमाणे ती कुपी फुटली. योहानाने नोंदल्याप्रमाणे तिच्या सुगंधाने घर भरून गेले. समर्थन झाले ते ओतून टाकलेल्या तेलाचे. कुपी जर फडताळात बंद राहिली असती, तर त्या आक्षेपाला काय उत्तर देता आले असते?

समजा, एखाद्या छावणीच्या गावी एक ख्रिस्ती कुटुंब आहे. आजोबा पलटणीच्या बँडात होते आणि त्यांचा जुना ओबो पेटीत पडून आहे. धाकट्या भावाच्या घरी आजारपण आहे आणि पैशांची निकड आहे. मोठा भाऊ म्हणतो, आजोबांची आठवण विकावयाची नाही. येथे निर्णय अवघड नाही. ज्या ओबोला कोणी उचलून ओठांना लावत नाही, ज्याची नळी कोणी तेल लावून राखत नाही, त्याच्या नावाने भावाचे औषध अडवणे ही आठवण नव्हे, हट्ट आहे. पण त्याच घरातील एखादी मुलगी तो ओबो शिकू लागली असेल, रविवारी मंडळीत गीतांना साथ करू लागली असेल, तर प्रश्न खरोखर अवघड होतो. मग कुटुंबाने एकत्र बसून, वाद्य राखून भावाचा खर्च कसा वाटून घेता येईल हे शोधावयास हवे. आणि काहीच मार्ग न उरल्यास, ते वाद्य निदान वाजवणाऱ्याच्या हाती जाईल इतके पाहावयास हवे. वाद्याचा हक्क त्याच्या किमतीतून येत नाही, जुनेपणातूनही येत नाही. तो त्याच्यामुळे माणसांना जे मिळते त्यातून येतो.

वस्तूची किंमत वजनावर करणाऱ्या जगात हे विसरणे फार सोपे आहे. २००६ साली निवर्तलेले भारतरत्न उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांना भेट मिळालेल्या चांदीच्या सनया डिसेंबर २०१६ मध्ये वाराणसीतून चोरीस गेल्या. पुढच्या महिन्यात पोलिसांच्या हाती लागली ती प्रामुख्याने वितळवलेली चांदी. ज्यांनी ती वितळवली त्यांच्या लेखी सनई नव्हतीच, धातू होता. त्यांना आपण दोष देतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ती सनई केवळ काचेच्या पेटीत ठेवून तिच्यावर गौरवाचे शब्द कोरणारा समाज तरी तिचा नाद कितपत ऐकतो?

कारण खरा दुर्मिळ ठेवा लाकडात वा चांदीत नसतोच. या कुळातील प्रत्येक वाद्याची जीभ म्हणजे त्याची पत्ती, आणि पत्ती ही अत्यंत अल्पजीवी असते. ओबोवादकाची चांगली पत्ती काही दिवस किंवा आठवडे टिकते. मग दुसरी बांधावी लागते. लाकडी नळी तीनशे वर्षे संग्रहालयात राहू शकते, परंतु तिला बोलते करणारी पत्ती कशी तासावी, ओठांत किती दाबावी, हे ज्ञान हातातून हातात आणि गुरूकडून शिष्याकडेच जाते. डुमराव परिसरात सोन नदीच्या काठी वाढणाऱ्या नरकट गवतापासून सनईची पत्ती बनते. गवत उगवतच राहील, पण ते ओळखणारी बोटे राहिली पाहिजेत. सोलापूरच्या जाधव घराण्याने जपलेली 'सुंदरी' हे सनईहून लहान वाद्य घ्या. कुशल कारागीर तशी नळी पुन्हा कातू शकेल. परंतु तिच्यातून राग उभा करणारा श्वास विकत मिळत नाही.

आणि या ठिकाणी आपल्या समाजाला एक कडू सत्य स्वीकारावे लागेल. महाराष्ट्रात मंगल प्रसंगी सनईचा सूर शुभ मानला गेला, पण तो सूर काढणारे वाजंत्री बहुधा होलार, मातंग, गुरव, नाभिक अशा समाजांतून आलेले असत. वाद्य मंडपात शुभ होते. वादकाची जागा मात्र अनेक ठिकाणी मंडपाच्या कडेला आणि पंगत सर्वांच्या शेवटी होती. त्यांच्या श्वासावर आपले सोहळे साजरे झाले, आणि त्यांच्या मुलांनी तो व्यवसाय सोडला तेव्हा ही कला लोप पावत चालली म्हणून आपण हळहळलो. ज्यांनी अपमानाची नोकरी सोडली त्यांना दोष देता येत नाही. माणसाला मान न देता त्याची कला राखू पाहणे, हे पत्ती फेकून नळी जपण्यासारखे आहे.

तेव्हा दुर्मिळ वाद्याच्या मालकाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. ते वाद्य वाजण्याच्या अवस्थेत असेल, तर जपून वाजवावे, आणि स्वतःला येत नसेल तर ज्याला येते त्याच्या हाती द्यावे. नाजूक असेल, तर त्याला विश्रांती द्यावी, पण त्याचे माप, त्याची रचना आणि त्याची माहिती कोणापासूनही लपवू नये. त्याच्या जातीची आणखी वाद्ये घडली तर त्यात आनंद मानावा. शिकू इच्छिणाऱ्याला, तो कोणत्या घरातून आला हे न विचारता शिकू द्यावे, आणि शिकवणाऱ्याला त्याचा योग्य मोबदला व मान द्यावा. आणि आपल्यामागे ते कोणाकडे जाईल, हे हातपाय चालत असतानाच ठरवावे. कारण वारसांच्या भांडणात सर्वांत आधी मोडते ते वाद्यच. शास्त्रात कारभाऱ्याचा शब्द वारंवार येतो. कारभारी मालक नसतो, परंतु मालकापेक्षा अधिक दक्ष असावा लागतो, कारण त्याला हिशेब द्यावयाचा असतो.

ओबो वाजवणाऱ्यांचा एक अनुभव या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. इतर सुषिर वाद्यांत वादकाचा श्वास अपुरा पडतो; ओबोत तो उरतो. पत्तीची फट इतकी अरुंद असते की छातीतील थोडीच हवा बाहेर जाते आणि बाकीची शिळी होऊन आत कोंडते. जीव गुदमरतो तो हवा नसल्याने नव्हे, न सोडलेल्या हवेने. म्हणून ओबोवादकाला नवा श्वास घेण्याआधी जुना सोडून देण्यास शिकावे लागते. आपल्या घरातील वस्तू, आपली विद्या, आपली पूर्वपुण्याई यांच्या बाबतीतही आपल्यापैकी पुष्कळांची अडचण हीच असते. आपण काय राखून ठेवले आहे आणि त्यातील काय आता सोडावयास हवे, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी बसून करावा.